केन्याची तिसरी पाकळी

९ जुलै

आज चौदा फुलं विरघळली. मी बघत बसले होते.

केन्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारी बाराच्या आत स्वतःचंच निळं पाणी होऊन जातं. दाबून वाळवायला जावं तर कागदावर शाई सांडल्यासारखा डाग. बाकीच्यांनी पीएचडीला बांबू घेतला, खारफुटी घेतली, एकीने तर शेवगा घेतला — निदान शेंगा खाता येतात. मी घेतलं कॉमेलिनेसी. म्हणजे केना आणि त्याचं अख्खं खानदान, तेही फक्त मुंबईच्या उपनगरांतलं. फाइलवर विषयाचं नाव साडेतीन ओळींचं आहे. घरी त्याला ‘लिओनाचं तण’ म्हणतात.

तर आज मुलुंड. डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडखाण आहे, पावसात तिच्या मागच्या भिंतीवरून पाणी पाझरत असतं. बोरिवलीहून दोन बस, मग चिखल. भिंतीच्या कपारीत केना दिसला. म्हटलं, झालं, अजून एक. वाकून बघितलं तर तिसरी पाकळी निळी!

साध्या केन्याला तीन पाकळ्या. वरच्या दोन मोठ्या, निळ्या, सशाच्या कानांसारख्या. तिसरी खाली, एवढीशी, फिकट, असून नसल्यासारखी. ज्याने केन्याला कॉमेलिना हे शास्त्रीय नाव दिलं त्याने म्हणे कॉमेलिन घराण्यातल्या तिघांवरून दिलं. दोघांनी वनस्पतिशास्त्रात नाव कमावलं, तिसरा काही करून दाखवायच्या आधीच गेला. म्हणून दोन पाकळ्या ठळक आणि तिसरी बिचारी. अडीचशेहून जास्त वर्षं त्या माणसाची बांधाबांधावर बदनामी चालू आहे. मेल्यावरही सुटका नाही.

खाणीतल्या केन्याची तिसरी पाकळी मात्र बाकी दोघींएवढी. तेवढीच निळी. पानं अरुंद, गवतासारखी. पान खोडाला जिथे गुंडाळतं तिथे तांबूस केस असायला हवेत, तर नाहीतच. गुळगुळीत.

वाटलं एखादं झाड चक्रम असेल. मग भिंतभर बघत गेले. सगळी तशीच.

चित्रं काढली. पावसात चित्र काढायचं म्हणजे छत्री मानेत धरायची. आता मान वळत नाही.

१० जुलै

मान अजून वळत नाही. परत जाऊन आले. पाकळी अजून निळी.

११ जुलै

अंधेरीला कॉलेजात. नीलम मॅडमना — माझ्या गाईड, बावीस वर्षं हेच कुळ करतायत — डबीत घालून फूल नेलं. सहाला खाणीत पोचले होते, तोडलेलं फूल ओल्या टिश्यूत गुंडाळलं, तरी लॅबमध्ये पोचेपर्यंत अर्धं पाणी झालं होतं. उरलेलं मॅडमनी मायक्रोस्कोपखाली घेतलं. चाळीस मिनिटं. चहा आला, गार झाला, परत गेला.

“कुठून चोरलंस?”

“मुलुंडहून.”

“मुलुंडला असं काही नसतं.”

म्हटलं, मॅडम, मुलुंडला सांगा तसं.

संघमित्रा शेजारच्या टेबलावर गवतं मोजत होती. तिच्या मते केना म्हणजे फॅशन केलेलं गवत. म्हणाली, “बाई, हे नवीन निघालं ना, तर तुझी लाइफ सेट.” मी म्हटलं, नवीन नसणार. पण घरी येताना लायब्ररीतून लॅटिनचा कोश उचलला.

१३ जुलै

रविवार. चर्चमध्ये मिस्सा करून आल्यावर गच्चीवर प्रयोग मांडला. बोरिवलीत एकसरच्या गावठाणात आमचं घर अजून तळ-अधिक-एक आहे, चारी बाजूंना टॉवर, त्यामुळे गच्चीवर ऊन येतं ते साडेनऊ ते दोन. केन्याला पुरे.

बारा कुंड्या. १ ते ६ नंबरांत खाणीतली झाडं, ७ ते १२ मध्ये साधा केना. सगळ्यांना तीच माती, तेवढंच पाणी. खाणीतल्या झाडांचा वेगळेपणा कुंडीतही टिकला तर तो त्यांच्या रक्तातला. गेला, तर तो नुसता ओल्या दगडाचा प्रताप. एवढं साधं. याला जगभर मान्यता आहे आणि खर्च शून्य, म्हणून मला झेपतो.

साधा केना घरच्याच मुळ्याच्या वाफ्यातून उपटला. डॅडी कंबरेवर हात ठेवून उभे. एकेकाळी इथे आमची भातशेती होती, आता टॉवरच्या कंपाउंडला लागून दोन वाफे उरलेत. लालमाठ आणि मुळा.

“ह्याच्यासाठी मुलुंडला गेलीस? हितं केवढा हाय.”

“तो वेगळा आहे, डॅडी.”

“केना तो केना. चाळीस वर्षं उपटतंय मी. उपटला का दुप्पट येतो.”

त्यांचं खोटं नाही. साधा केना जमिनीखालीसुद्धा फुलतो, मातीत न उघडणारी फुलं, तिथल्या तिथे बी धरणारी. वरून उपटा, खाली संसार चालू. डॅडींना सांगितलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. चाळीस वर्षं आपल्याला कोणीतरी फसवत होतं हे आत्ता कळल्यासारखा.

१९ जुलै

नामकरण.

मॅडमच्या केबिनमध्ये मी, मॅडम आणि भजी. मॅडमनी जवळजवळ ठरवलंय की ही नवीन जात आहे. माझंही जवळजवळ तेच. मग नावाची गोष्ट निघाली. मी ‘खडकावरचा’ अशा अर्थाचं एक लॅटिन नाव दोन रात्री घोकत होते. मॅडम म्हणाल्या, “आपल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मातोश्री — सुगंधाबाई. सप्टेंबरात त्यांची जन्मशताब्दी आहे. वीस तारखेला कार्यक्रमात जाहीर करू.”

“मॅडम, फुलाला वास नाही.”

“माहीत आहे मला.”

“मुळीच नाही.”

“लिओना, आपलं हर्बेरियम गळतंय. मागच्या पावसात वाळवलेल्या झाडांच्या तीनशे शीट भिजल्या. अध्यक्षांनी आईच्या नावाने नवीन खोली बांधली तर तुझं काय जातं?”

माझं काय जातं! काहीच नाही. कॉमेलिना सुगंधी. जगातलं पहिलं बिनवासाचं.

भजी चांगली होती.

२३ जुलै

उद्या कलकत्ता. तिथल्या हर्बेरियममध्ये जुन्या वाळलेल्या शीट बघायच्या, दोनशे वर्षांतल्या. हा केना आधी कोणी नोंदवलेला नाही याची खात्री झाल्याशिवाय नवीन म्हणता येत नाही. तीन आठवडे.

डॅडींना सूचना: एक दिवसाआड पाणी, प्रत्येक कुंडीला एक पेला, बाकी काही नाही. तीनदा सांगितलं. म्हणाले, “माना शिकव आता पाणी घालायला.” म्हटलं, तुम्हाला शिकवत नाही, आठवण करून देतेय.

२९ जुलै

कलकत्ता. धूळ, डांबरगोळ्यांचा वास, शिंका. आज केन्याच्या एकशे बारा शीट बघितल्या. सगळ्या फुलांच्या जागी तपकिरी डाग. त्यावर खाली एकाने लिहिलेलं नाव, त्यावर दुसऱ्याने काट मारून चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर तिसऱ्याची. एका शीटवर पाच चिठ्ठ्या. वर्गीकरणशास्त्र म्हणजे शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या लोकांची भांडणं आणि आपण उशिरा पोचलेले पाहुणे.

आपल्यासारखं एकही नाही.

२ ऑगस्ट

मॅडमनी पेपर जर्नलला पाठवून दिला. मला नंतर कळवलं. “प्रयोगाचा निकाल आला की जोडू, तोवर रिव्ह्यूला वेळ लागेलच.” बरं.

१४ ऑगस्ट

घरी. बॅग टाकून पहिली गच्चीवर. कुंड्या हिरव्यागार. सगळ्या बाराच्या बारा. डॅडी जिन्यात उभे राहून बघत होते, मी म्हटलं, झकास ठेवलीत हं. तसेच खाली गेले.

पण खाणीतल्यांची पानं रुंद झालीत. अरुंद पानं गळून सगळी नवीन आलेली दिसतात. सावली जास्त झाली असेल. पानांवर नाही जायचं, पानं बदलतात. फुलं येऊ देत.

२१ ऑगस्ट

१ ते ६ नंबरच्या कुंड्यांत तांबूस केस. भिंगातून बघितले. पुसून परत बघितले.

२ सप्टेंबर

फुलं आली.

सहाही कुंड्यांत. दोन निळ्या पाकळ्या आणि तिसरी एवढीशी, फिकट.

साधा केना.

गच्चीवर बसून राहिले. साडेअकराला फुलं गेली. बरं झालं. नंतर जेवले नाही. डॅडींनी सुका बोंबील भाजला होता, ताट झाकून ठेवलं.

३ सप्टेंबर

म्हणजे दगडाचा प्रताप. खाणीत हाल होतात म्हणून पानं अरुंद, केस नाहीत, पाकळी कशीतरी मोठी. कुंडीत सुखात ठेवल्यावर गुमान साधा केना. पाकळी एवढी बदलते असं कुठे वाचलेलं नाही. पण सहापैकी सहा. सहापैकी दोन असते तर मीच वाद घातला असता.

संघमित्राला कँटीनमध्ये सांगितलं. तिने समोसा खाली ठेवला.

“मॅडमना बोललीस?”

“नाही.”

“बोलणार?”

“वीस तारखेला कार्यक्रम आहे. पत्रिका छापून झाल्यात. फुलाचा फोटो आहे पत्रिकेवर.”

“तसं नाही विचारलं मी.”

मग म्हणाली, कोणाला कळणार आहे, कुंड्या तुझ्या गच्चीवर. मी तिच्याकडे बघितलं. म्हणाली, “अगं, मी बोलून बघितलं फक्त. तुला कसं वाटतं ते ऐकायला.”

घाणेरडं वाटलं. पण दोन सेकंद उशिरा वाटलं, हेही लिहून ठेवते.

५ सप्टेंबर

नाही सांगितलं.

६ सप्टेंबर

नाही.

८ सप्टेंबर

डॅडी मोत माऊलीच्या सणाला बांद्र्याच्या चर्चला गेले सकाळीच. “येतंस का?” म्हटलं, कॉलेज आहे. म्हणाले, “तुझ्या झाडासाठी मेणबत्ती लावू?” मी म्हटलं, नको, तिच्यामागे आधीच खूप कामं आहेत.

मॅडमना सांगितलं. सहाही कुंड्यांचे फोटो टेबलावर मांडले. त्यांनी एकेक उचलून बघितला. पत्रिकांचा गठ्ठा शेजारी होता.

“हे शक्य नाही.”

“सहापैकी सहा आहेत, मॅडम.”

“कुंड्या बदलल्या असतील तू.”

“नंबर घातलेत. नंबर तेच आहेत.”

पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, “तू अजून दोन आठवडे थांबून सांगू शकली असतीस.” मी म्हटलं, हो. “मग आत्ता का सांगितलंस?” म्हटलं, दोन आठवड्यांनी सांगितलं नसतं बहुतेक.

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “जा तू आता.”

संध्याकाळी मेल: पेपर मागे घेतला. माझ्या नावाने एक ओळ नाही. अध्यक्षांना काय सांगितलं ते कळलं नाही.

१० सप्टेंबर

मॅडम बोलत नाहीत. संघमित्रामार्फत निरोप. “तिला म्हणावं रिपोर्ट दे.” मी चार फुटांवर बसलेली.

२० सप्टेंबर

कार्यक्रम झाला. फुलाऐवजी सुगंधाबाईंचा फोटो. शोभून दिसत होत्या. हर्बेरियमच्या खोलीबद्दल अध्यक्ष चकार शब्द बोलले नाहीत. मॅडम पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या. मी मागे, पंख्याखाली.

२७ सप्टेंबर

आज घडलं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी गच्चीवर कुंड्या मोकळ्या करायला गेले. डॅडी वर आले. म्हटलं, या घ्या तुमच्या कोथिंबिरीला.

“का? तुझा प्रयोग?”

“संपला. खाणीतलं झाड कुंडीत आलं आणि साधा केना झालं. नवीन-बिवीन काही नाही. पेपर मागे घेतला.”

डॅडी टाकीच्या कट्ट्यावर बसले.

“झाला म्हंजे? बदलला?”

“बदलला.”

“असा बदलतो?”

“बदलला ना आता.”

एक नंबरची कुंडी पायाने जवळ ओढली. मग म्हणाले, “लिओना, ती मेलेली.”

“कोण?”

“तुझी झाडं. तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी. मरगळलेली वाटली म्हणून मीनं थोडं खत घातलं. शेणखत, जुनं, चांगलं. दुसऱ्या दिवशी काळी पडली सगळी.”

मी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

“मग वाफ्यातला केना आणून लावला. माना वाटलं केना तो केना. एवढ्या लांबून येणार तू, आल्या आल्या रिकाम्या कुंड्या बघायच्या —”

मी एक नंबरची कुंडी फरशीवर उपडी केली. मातीचा गोळा हाताने फोडला. साध्या केन्याच्या मुळांच्या शेजारी काळं पडलेलं, कुजलेलं खोड. अरुंद पानाचं एक शेपूट अजून त्याला चिकटलेलं. दोन नंबर. तेच. सहाही कुंड्या उपड्या केल्या. सहाही ठिकाणी मेलेली झाडं तिथेच होती, माझ्या नाकाखाली, दीड महिना. भिंग घेऊन केस मोजत बसले मी. मातीत बोट घातलं नाही.

आणि मग बोलले. म्हटलं, मम्मीचा रिपोर्ट पण तुम्ही असाच लपवलात.

माझी बीएस्सीची परीक्षा चालू होती तेव्हा. डॅडींनी रिपोर्ट पिठाच्या डब्यामागे ठेवला होता, एकवीस दिवस. मम्मीला फक्त ॲसिडिटी आहे म्हणत होते. मला पेपर चांगले गेले. मम्मी गेल्यापासूनच्या आठ वर्षांत या घरात कोणी ते बोललं नव्हतं.

डॅडी उठले आणि कठडा धरून हळूहळू खाली गेले.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ

माती झाडून काढली. सहा मेलेली झाडं कागदावर ओळीने मांडून फोटो काढला. रडताना स्केल वाकडी लागली, परत काढला.

२८ सप्टेंबर

मिस्साला आम्ही एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

बाहेर आल्यावर म्हटलं, मी मुलुंडला जातेय. डॅडी घरी जाऊन छिन्नी, हातोडा आणि मासळीचा रिकामा क्रेट घेऊन बस स्टॉपवर आले. रविवारच्या कपड्यांत.

खाणीच्या तोंडाशी ट्रक. डेब्रिज टाकतायत. कुठल्यातरी पाडलेल्या बिल्डिंगच्या भिंती, टाइल्स, एक अख्खं कमोड. मागची भिंत अर्धी गाडली गेली होती. जुलैत जिथे बसून चित्र काढलं ती जागा आता बारा फूट खाली. वॉचमनला विचारलं, कधीपासून? “गणपती झाल्यापासून. दिवाळीपर्यंत भरून टाकायचंय.”

डाव्या कोपऱ्यात, उंचावर, थोडी झाडं उरलेली. वेळ साडेअकराची, तरी तिथे सावली म्हणून फुलं अजून शाबूत. तीन निळ्या पाकळ्या.

डॅडींनी पहिल्यांदाच ते फूल बघितलं. जवळ जाऊन, चष्मा काढून, परत लावून.

“हा आपला केना नाय,” म्हणाले.

मी म्हटलं, तेच सांगत होते.

मी खुरपं काढलं तर त्यांनी हात धरला. “मातीत नको घालू. माती नाय सोसत त्याला. दगडासकट घे.” आणि दगड फोडायला बसले. चौसष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, कपारीची एकेक खपली मुळं न तुटता शेवाळासकट सुटी करत होता. मी खालून क्रेट धरलेला. अकरा झाडं निघाली. बाकीची हात पोचणार नाही अशा जागी.

ट्रक मागे घेणारा ड्रायव्हर थांबून बघत होता. म्हणाला, “दवा है क्या?” डॅडी म्हणाले, “मुलीचा अभ्यास हाय.”

बसमध्ये क्रेट दोघांच्या मांडीवर. भांडुपच्या आसपास डॅडी म्हणाले, “परीक्षा होती तुझी.”

“माहीत आहे.”

“आता असता तर सांगितला असता.”

खिडकीबाहेर बघत होते. खरंच सांगितला असता की नाही, माहीत नाही. क्रेटवरचा माझा हात तिथेच ठेवला.

२९ सप्टेंबर

मॅडमना दुसऱ्यांदा सांगायला गेले. पायऱ्या चढताना वाटलं, उलटं फिरावं, विषय बदलावा, शेवगा घ्यावा.

मेलेल्या झाडांचा फोटो टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, शेणखतापर्यंत. मॅडम ऐकत होत्या. चेहरा दगड.

“म्हणजे मी पेपर मागे घेतला,” त्या म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी मुळ्याच्या वाफ्यातलं तण लावलं म्हणून.”

“हो.”

“अध्यक्षांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी, ते त्या तणासाठी.”

“हो, मॅडम.”

“घरी अजून कोणी आहे का, ज्याने माझ्या प्रयोगात हात घालायचा राहिलाय?”

“मांजर आहे.”

हे तोंडातून कसं गेलं माहीत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या हसायला लागल्या. खूप. डोळे पुसले. शेजारच्या लॅबमधून कोणीतरी डोकावून गेलं.

मग एकदम गंभीर. “कुंड्या उकरून मी पण बघायला हव्या होत्या. फोटोवर विश्वास ठेवला. लिही सगळं. काय झालं ते, तसंच्या तसं. वडिलांसकट. आणि प्रयोग परत मांड. या वेळी मी येईन बघायला, दर आठवड्याला.”

दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, “तू आठ तारखेला आलीस ते बरोबर होतं. निकाल चुकीचा होता, तो वेगळा भाग.”

५ ऑक्टोबर

मॅडम गच्चीवर. डॅडींनी त्यांना बसायला घरातली चांगली खुर्ची वर नेली आणि स्वतः कुंड्यांपासून सहा फूट लांब उभे राहिले, हात मागे बांधून. मॅडम म्हणाल्या, “या ना जवळ.” म्हणाले, “नको, इथूनच दिसतंय.”

पाच झाडं त्यांच्या दगडावरच ठेवलीत. सहा हळूहळू मातीत घेतोय, वाळू आणि खडी जास्त घालून. डॅडींचा सल्ला. मॅडमनी वहीत लिहून घेतला, त्यांच्या नावासकट.

११ ऑक्टोबर

डॅडींनी कुंड्यांवर जाळीचा पिंजरा ठोकला. त्याला कुलूप. किल्ली माझ्या हातात दिली, एकुलती एक.

२६ ऑक्टोबर

मातीतल्या सहापैकी चार जगली. आज चारही झाडांना फुलं. कुंडीतल्या मातीत, साध्या उन्हात. तीन पाकळ्या, तिन्ही निळ्या, तिन्ही सारख्या. केस नाहीत. पानं तसूभर रुंद झालीत, तेवढं चालतं.

मॅडमना फोटो पाठवला नाही. फोन केला, म्हटलं, या. रिक्षाने आल्या, अंधेरीहून बोरिवली, फुलं मिटायच्या आत. पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसल्या, सिल्कच्या साडीत.

मी म्हटलं, सुगंधाबाई? मॅडम म्हणाल्या, “गप्प बस.”

३ नोव्हेंबर

खाण भरली. संघमित्रा तिकडे गवतं बघायला गेली होती, तिने फोटो पाठवला. सपाट. वर रोलर फिरवतायत. झाडं जगात असलीच तर आता आमच्या गच्चीवर.

पेपर परत लिहायला घेतला. पाठवायच्या आधी मॅडमनी एक शेवटचं काम लावलं: परदेशातल्या जुन्या हर्बेरियमना फोटो आणि चित्रं पाठवून विचार, असं काही तुमच्याकडे आहे का. नऊ ठिकाणी मेल टाकल्या. सात ठिकाणांहून ‘नाही’ आलंय. नाव काय ठेवायचं यावर मी आणि मॅडम पुन्हा भांडतोय.

१९ नोव्हेंबर

आठवी मेल आली. त्यांच्याकडे एक शीट आहे, दुसऱ्याच कुळाच्या कपाटात चुकून गेलेली. साष्टी बेट (म्हणजे आपलंच उपनगर), ओला कातळ, १८७९. शेजारी कोणीतरी पेन्सिलने फूल काढून तिन्ही पाकळ्यांवर ‘निळी’ असं लिहिलंय. त्या जातीला तेव्हाच रीतसर नाव दिलेलं आहे, दुसऱ्या कुळाखाली छापून आलेलं आहे म्हणून आमच्या नजरेतून सुटलं, म्हणजे तेच नाव चालणार. त्यानंतर ती कोणालाच सापडली नाही. साठ वर्षांपूर्वीच्या एका यादीत तिच्यापुढे ‘नष्ट’ असा शेरा आहे.

मॅडमना फोनवर वाचून दाखवलं. ‘नष्ट’पाशी त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “आहे ना ती?”

म्हटलं, आहे. डॅडी कुलूप उघडून पाणी घालतायत.